शुश्रूषागृहांतील संसर्गनियंत्रण : काही संज्ञांचा इतिहास

(१) विषयप्रवेश

'नर्सिंग होम' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो आता परका वाटत नाही. परंतु रुळलेल्या परशब्दांच्या बाबतीत अनेकदा घडते तेच येथेही घडले आहे : शब्द आला आणि वाटेत त्याचा अर्थ बदलला. महाराष्ट्रात हा शब्द उच्चारला की दहा-वीस खाटांचे खाजगी रुग्णालय, बहुधा एखादे प्रसूतिगृह, डोळ्यांपुढे येते. मुंबई राज्याने १९४९ साली नर्सिंग होमच्या नोंदणीचा जो कायदा केला, त्यातही प्रसूतिगृहाचा अंतर्भाव याच संज्ञेत करण्यात आला होता. अमेरिकेत हाच शब्द निराळ्या वास्तूचा वाचक आहे. जी वृद्ध अथवा विकल माणसे अंथरुणातून उठणे, स्नान, वस्त्र, भोजन आणि शौच यांसाठी दुसऱ्याच्या हातांवर अवलंबून असतात, त्यांच्या दीर्घकालीन, पुष्कळदा अखेरपर्यंतच्या, निवासाचे ते ठिकाण होय. प्रस्तुत लेखात हा दुसरा अर्थ अभिप्रेत असून त्यासाठी 'शुश्रूषागृह' हा शब्द योजिला आहे.

संसर्गनियंत्रणाचा इतिहास सामान्यतः शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अमक्याने हात धुण्यास सांगितले, तमक्याने हातमोजे आणले, अशी ती मालिका असते. येथे तोच इतिहास संज्ञांच्या अंगाने पाहावयाचा आहे. एखाद्या व्यवहारातील संज्ञा बदलते, तेव्हा पुष्कळदा धोका कोठे आहे याविषयीची समजूत आधी बदललेली असते. या दृष्टीने पाहिले असता दोन समजुती परस्परांशी झगडताना दिसतात. धोका विशिष्ट माणसांत असतो, म्हणून ते माणूस ओळखून दूर ठेवावे, ही एक. धोका विशिष्ट कृतीत असतो, म्हणून ती कृती कोणाच्याही बाबतीत जपून करावी, ही दुसरी. पहिल्या समजुतीकडून दुसरीकडे झालेला प्रवास, आणि तो शुश्रूषागृहाच्या दारापर्यंत पोहोचण्यास झालेला उशीर, हा या लेखाचा विषय आहे. त्या उशिराची किंमत २०२० साली मोजावी लागली.

(२) डाग, बेट आणि विटाळ

युरोपीय भाषांतील संसर्गवाचक शब्दांची घडण प्रथम पाहू. 'इन्फेक्शन'च्या मुळाशी जी लॅटिन क्रिया आहे तिचा अर्थ रंगात बुडविणे, डागाळणे असा आहे. 'कंटेजन'च्या मुळाशी स्पर्श आहे. 'आयसोलेशन' हा शब्द बेट या अर्थाच्या इटालियन शब्दाशी जोडलेला आहे. 'क्वारंटाइन' हा चाळीस या संख्येवरून आला. रागुझा म्हणजे आजचे दुब्रॉव्हनिक. तेथे १३७७ साली बाहेरून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळे ठेवण्याचा नियम झाला, आणि पुढे ही मुदत चाळीस दिवसांची होऊन तीच शब्दात स्थिरावली. डाग, स्पर्श, बेट आणि मुदत ही चारही चित्रे डागाळलेल्या माणसाभोवती फिरतात, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आपल्याकडील 'संसर्ग' हा शब्द मुळात इतका निंदाव्यंजक नाही. एकत्र येणे, जोडले जाणे, संबंध, एवढाच त्याचा संस्कृतातील अर्थ. परंतु बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या व्याकरणाच्या अपभ्रंशविषयक भागात 'विट्टाल' हा देश्य शब्द नोंदविला आहे आणि त्याचा अर्थ 'अस्पृश्यसंसर्ग' असा दिला आहे. आपल्या 'विटाळा'चा हा पूर्वज. म्हणजे रोगजंतूंची कल्पनाही नव्हती त्या काळी 'संसर्ग' हा शब्द विटाळाच्या व्याख्येत येऊन बसला होता. पुढे एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य वैद्यकाचे विचार मराठीत उतरू लागले, तेव्हा ते या शेजाराच्या भाषेत उतरले.

सोवळ्याओवळ्याचे नियम म्हणजे पूर्वजांचे जंतुशास्त्रच होते, असे प्रतिपादन अधूनमधून केले जाते. भाषेचा पुरावा या मताला अनुकूल नाही. सोवळ्यातील वस्त्र हे नेसणाऱ्याचे पावित्र्य राखण्यासाठी असते. समोरच्याचे आरोग्य राखणे हा त्याचा हेतू नसतो. शिवाय ज्यांना अस्पृश्य मानले गेले, त्यांनी कितीही वेळा हात धुतले तरी त्यांचा म्हणून मानलेला विटाळ जात नव्हता. हात धुतल्याने जातो तो जंतू. जन्माने चिकटविला जातो तो विटाळ. या दोहोंतील भेद स्पष्ट ठेवल्यावाचून पुढील इतिहासाचा अर्थ लागणार नाही. माणसावर डाग पाहण्याची सवय विज्ञानाच्या भाषेतही वारंवार परत येते, आणि ती ओळखण्यास आपल्या अनुभवाइतका दुसरा चांगला शिक्षक नाही.

(३) हात, हातमोजा आणि मुखपट्टी

१८४७ साली व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात इग्नाझ सेमेलव्हाइस यांच्यापुढे एक कोडे होते. तेथील दोन प्रसूतिविभागांपैकी पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. आणि सूतिकाज्वराने होणारे मृत्यू पहिल्या विभागात कितीतरी अधिक होते. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात त्यांचे सहकारी याकोब कोलेच्का हे शवविच्छेदनाच्या वेळी सुरीची जखम होऊन तशाच लक्षणांनी वारले. सेमेलव्हाइस यांनी अनुमान काढले की शवगृहातून आलेले डॉक्टरांचे हातच रोग नेतात. मेच्या मध्यावर त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला. एप्रिलमध्ये शेकडा १८.३ असलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये २.२ आणि जुलैमध्ये १.२ वर आले.

या प्रसंगाचे महत्त्व केवळ आकड्यांत नाही. तोवर कारण शोधले जात होते ते हवेत, ऋतूत, नाहीतर बाळंतिणीच्या प्रकृतीत. सेमेलव्हाइस यांनी ते उपचार करणाऱ्याच्या कृतीत दाखविले. ज्यांच्या हातांवर आरोप आला त्यांना ते मानवले नाही, यात नवल नाही. १८६५ साली सेमेलव्हाइस मनोरुग्णालयात वारले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालच्या आपल्या शुश्रूषाविषयक पुस्तकात परिचारिकेने दिवसातून वारंवार हात धुवावेत असे सांगितले आहे. पण त्यामागील उपपत्ती अजून जंतूंची नव्हती. तो आधार जोसेफ लिस्टर यांच्या १८६७ मधील लेखांनंतर बळकट झाला.

हातमोज्याची कथा अधिक बोधक आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९-९० च्या हिवाळ्यात कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेच्या हातांची त्वचा पाऱ्याच्या जंतुनाशक द्रावणाने सोलवटली. शल्यचिकित्सक विल्यम हॉलस्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. म्हणजे शस्त्रक्रियेतील हातमोजा जन्मला तो शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीच्या हातांसाठी. त्याने रुग्णाचीही जखम निर्धोक राहते, हे हॉलस्टेड यांचे सहकारी ब्लडगुड यांनी १८९९ साली दाखवून दिले. परिचर्या करणाऱ्याचे रक्षण आणि रुग्णाचे रक्षण ही एकाच वस्तूची दोन अंगे आहेत, हे या घटनाक्रमातून दिसते.

मुखपट्टीचा आरंभ १८९७ सालचा. ब्रेस्लाउ येथे कार्ल फ्ल्युगे यांनी बोलताना व खोकताना उडणाऱ्या तुषारांतून जंतू पसरतात हे सिद्ध केले, आणि त्याच नगरातील शल्यचिकित्सक मिकुलिच यांनी तोंडावर जाळीदार कापडाची पट्टी बांधून शस्त्रक्रिया करण्यास प्रारंभ केला. याच वर्षी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले त्याच रोगाने निवर्तल्या. ब्रेस्लाउची पट्टी त्यांच्यापाशी असती तरी प्रसंग टळला असता, असे मात्र म्हणता येणार नाही. गाठीच्या प्लेगमध्ये पिसवांचा वाटा मोठा असतो, आणि तो पॉल-लुई सिमोंद यांनी १८९८ साली कराचीत दाखविला. साधन रोगाच्या मार्गाशी जुळले तरच ते संरक्षक. एरवी ते केवळ चिन्ह, हे येथे ध्यानात घ्यावयाचे.

मार्गाविषयीच्या मतभेदाने माणसे दगावतात, याचे उदाहरण मांचुरियात १९१०-११ च्या फुप्फुसी प्लेगात घडले. पिनांगमध्ये जन्मलेले आणि केंब्रिजमध्ये शिकलेले डॉ. वू लिएन-तेह यांनी हा रोग श्वासावाटे पसरतो असे ठरवून जाळीदार कापडाच्या थरांत कापूस घातलेली मुखपट्टी परिचारकांना दिली. फ्रेंच डॉक्टर मेनी यांना हे मत पटले नाही. ते मुखपट्टीवाचून रोग्यांना तपासावयास गेले आणि जानेवारी १९११ मध्ये त्याच रोगाने मरण पावले. याच सुमारास, १९१० मध्ये, अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथील आरोग्याधिकारी चार्ल्स चेपिन यांनी संसर्गाच्या मार्गांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. बहुतेक संसर्ग हातांच्या व वस्तूंच्या संपर्काने होतो, म्हणून परिचर्येची रीत शुद्ध ठेवली तर निरनिराळ्या रोगांचे रोगी एकाच इमारतीत ठेवता येतात, असे त्यांचे म्हणणे होते. हवेतून होणाऱ्या प्रसाराला त्यांनी फार कमी लेखले, हा त्यांच्या उपपत्तीतील दोष पुढे दिसून आला. पण भिंतीपेक्षा रीत महत्त्वाची, हा विचार त्यांच्यापासून रुजला.

(४) 'होम' या शब्दाची छाया

हे सारे घडत होते ते रुग्णालयांत. वृद्धांच्या निवासाचा इतिहास वेगळ्या वाटेने चालला होता. अमेरिकेत निराधार वृद्धांचा आसरा म्हणजे सार्वजनिक अनाथालये व दरिद्रालये. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने वृद्धांना साहाय्यवेतन देऊ केले. पण सार्वजनिक संस्थेत राहणाऱ्यांना ते मिळू नये अशी अट घातली. परिणामी खाजगी घरांतून वृद्धांना ठेवून घेण्याचा व्यवसाय वाढला. १९५४ मध्ये रुग्णालयबांधणीच्या अनुदानाची योजना शुश्रूषागृहांना लागू झाली, आणि १९६५ मध्ये 'मेडिकेअर' व 'मेडिकेड' या योजनांमुळे त्यांच्याकडे सरकारी पैशाचा ओघ सुरू झाला.

या वास्तूच्या स्वरूपात अशा रीतीने एक द्वैत शिरले. खाटांची मांडणी, लांब मार्गिका, परिचारिकांचे टेबल हे रुग्णालयाचे. नाव मात्र घराचे. घरात कोणी हातमोजे घालून आजोबांना उठवीत नाही. जेथे घर म्हणावयाचे तेथे संसर्गाचा विचार परका वाटतो, आणि जेथे रुग्णालय म्हणावयाचे तेथील तज्ज्ञ मात्र तेथे नसतात. १९७० साली बॉल्टिमोर येथील एका शुश्रूषागृहात अन्नातून पसरलेल्या साल्मोनेला जंतूंच्या साथीने वीसहून अधिक वृद्ध दगावले. धोका किती आहे हे सांगणारी ती घटना होती.

१९८१ साली गॅरिबाल्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सॉल्ट लेक सिटीतील सात शुश्रूषागृहांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाहिलेल्या ५३२ वृद्धांपैकी सुमारे शेकडा १६ जणांना त्या वेळी कोणता ना कोणता संसर्ग होता : शय्याव्रण, डोळे, मूत्रमार्ग, श्वसनमार्ग इत्यादींचा. रुग्णालयांच्या अभ्यासकांना परिचित असलेला प्रश्न शुश्रूषागृहांतही तितक्याच तीव्रतेने असल्याचे या लेखाने दाखविले. परंतु रुग्णालयासाठी ठरविलेल्या व्याख्या येथे नीट लागू पडत नव्हत्या. वृद्धाला संसर्ग झाला तरी ताप येईलच असे नाही. कधी तो नुसता गोंधळतो, कधी जेवण सोडतो. शुश्रूषागृहांसाठी स्वतंत्र व्याख्या अ‍ॅलिसन मॅक्गीर आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केल्या त्या १९९१ मध्ये.

(५) 'आयसोलेशन'पासून 'प्रमाण दक्षते'पर्यंत

आता संज्ञांच्या स्थित्यंतराकडे वळू. अटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्राने १९७० साली रुग्णालयांसाठी जी पुस्तिका काढली तिच्या शीर्षकातील प्रमुख शब्द 'आयसोलेशन' हाच होता. तिच्यात अलगतेचे सात वर्ग होते आणि प्रत्येक वर्गासाठी दारावर लावावयाचे रंगीत पत्रक होते. पद्धत सोपी होती : रोग ओळखा, वर्ग ठरवा, पत्रक लावा. तिचे गृहीतक असे की, धोका कोणात आहे हे आधी कळते.

हे गृहीतक एड्सच्या आगमनाने ढासळले. वरून निरोगी दिसणाऱ्या माणसाच्या रक्तात विषाणू असू शकतो, आणि तो कोणाच्या रक्तात आहे हे पाहून कळत नाही. १९८५ साली 'युनिव्हर्सल प्रिकॉशन्स', म्हणजे सार्वत्रिक दक्षता, ही संज्ञा पुढे आली. प्रत्येकाचे रक्त संसर्गकारक आहे असे समजूनच वागावे, हा तिचा आशय. वरवर पाहता हा संशयाचा विस्तार वाटतो. वस्तुतः तो संशयाचा अंत आहे. सर्वच जण संशयित ठरले की कोणीही विशेष संशयित राहत नाही, आणि दारावरच्या पत्रकाचे प्रयोजन पुष्कळसे संपते. एड्सच्या रोग्यांना त्या काळात ज्या बहिष्काराला तोंड द्यावे लागले तो आठवला असता या संज्ञेतील नैतिक आशय ध्यानात येईल.

१९८७ मध्ये सिएटल व सान डिएगो येथील रुग्णालयांतून शरीरद्रव्यांवर भर देणारी आणखी एक पद्धत मांडली गेली. अलग करावयाचे ते शरीरातून निघणारे द्रव्य, माणूस नव्हे, हे तिच्या नावातच होते. १९९६ मध्ये या दोन्ही पद्धती एकत्र करून 'स्टँडर्ड प्रिकॉशन्स', म्हणजे प्रमाण दक्षता, ही संज्ञा रूढ करण्यात आली. आणि स्पर्श, तुषार व हवा या तीन मार्गांसाठी जादा दक्षता सांगण्यात आली. या ठिकाणी शीर्षकांचा पुरावा फार बोलका आहे. १९९६ च्या मार्गदर्शिकेच्या नावात 'रुग्णालयांतील' असा शब्द होता. २००७ च्या आवृत्तीत त्याच्या जागी 'आरोग्यसेवेच्या सर्व ठिकाणी' अशा अर्थाचा शब्द आला. रुग्णालयाबाहेरील परिचर्येला, आणि तीत शुश्रूषागृहाला, शीर्षकात जागा मिळावयास १९७० पासून सदतीस वर्षे लागली.

'वैयक्तिक संरक्षक साधने' या संज्ञेचा मार्ग निराळा आहे. ती कामगारांच्या सुरक्षिततेच्या भाषेतून आलेली आहे. १९९१ मध्ये अमेरिकेच्या श्रमखात्याच्या नियमांनी असे बंधन घातले की रक्ताशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांना हातमोजे, अंगरखा, मुखावरण इत्यादी साधने मालकाने स्वखर्चाने पुरवावीत. कॅरोलाइन हॅम्प्टनला जे एका शल्यचिकित्सकाच्या आस्थेने मिळाले ते शंभर वर्षांनी परिचारिकेचा हक्क म्हणून कायद्यात आले.

(६) 'पेशंट'कडून 'रेसिडेंट'कडे

याच काळात शुश्रूषागृहांतील दुसरी एक संज्ञा बदलत होती. तेथील वृद्धांच्या हालांविषयी ओरड वाढल्यावर वैद्यकीय संस्थेचा अहवाल १९८६ मध्ये आला आणि १९८७ मध्ये सुधारणेचा कायदा झाला. या कायद्याच्या भाषेत वृद्ध हा 'पेशंट' नसून 'रेसिडेंट', म्हणजे निवासी, आहे. त्याला प्रतिष्ठेने राहण्याचा, विनाकारण बांधून न ठेवले जाण्याचा, आप्तांना भेटण्याचा हक्क आहे. ही सुधारणा मोलाची होती. पण त्यामुळे एक पेच उभा राहिला. रोगी चार दिवस खोलीत अडकून राहू शकतो, कारण तो बरा होऊन जाणार असतो. निवाशाला जावयाचे कोठेच नसते. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू त्याच्या अंगावर महिनोन् महिने वस्ती करतात. तेवढा काळ त्याला खोलीत ठेवले तर ती अलगता उपचार न राहता शिक्षा होते.

तज्ज्ञ मनुष्यबळाच्या बाबतीतील अंतरही असेच मोठे राहिले. संसर्गनियंत्रणासाठी स्वतंत्र परिचारिका नेमण्याचा पहिला प्रयोग इंग्लंडमध्ये टॉर्की येथे १९५९ मध्ये झाला. अमेरिकेत रुग्णालयांच्या विस्तृत अभ्यासाने १९८५ साली दाखविले की सुसज्ज नियंत्रणव्यवस्था असेल तर रुग्णालयात होणारे संसर्ग सुमारे शेकडा ३२ ने कमी होतात. शुश्रूषागृहांत असा कार्यक्रम असावा असे नियमांत होते; परंतु त्यासाठी विशेष शिक्षण घेतलेली व्यक्ती नेमण्याचे बंधन २०१६ च्या नियमांनी घातले, आणि तो भाग अमलात यावयाचा होता २८ नोव्हेंबर २०१९ पासून. टॉर्कीपासून येथवर साठ वर्षे गेली. अमेरिकन संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाला पुढे असे आढळले की २०१३ ते २०१७ या काळात तपासणी झालेल्या शुश्रूषागृहांपैकी शेकडा ८२ गृहांवर संसर्गनियंत्रणातील उणिवेचा ठपका एकदा तरी आला होता.

(७) किर्कलँड, २०२०

त्या तारखेनंतर बरोबर तीन महिन्यांनी, २८ फेब्रुवारी २०२० रोजी, वॉशिंग्टन राज्यातील किर्कलँड येथील एका शुश्रूषागृहातील वृद्धेला कोविड झाल्याचे निश्चित झाले. १८ मार्चपर्यंत त्या एका गृहाशी निगडित १६७ रुग्ण आढळले होते : १०१ निवासी, ५० कर्मचारी आणि १६ अभ्यागत. बाधित निवाशांपैकी सुमारे एकतृतीयांश दगावले. आसपासच्या गृहांचा शोध घेता जी कारणे नमूद झाली ती उद्बोधक आहेत. कर्मचारी आजारी असतानाही कामावर येत होते. एकाहून अधिक गृहांत काम करीत होते. संरक्षक साधनांच्या वापराची त्यांना पुरेशी ओळख नव्हती. आणि साधनांचा साठाही अपुरा होता. यांतील पहिली दोन कारणे वैद्यकीय नाहीत. अपुऱ्या वेतनावर दोन घरी राबणाऱ्या स्त्रीला आजारपणाची रजा परवडत नाही, एवढाच त्यांचा अर्थ.

त्याच परिसरातील दुसऱ्या एका गृहाच्या अभ्यासाने १९७० च्या गृहीतकावर अखेरचा घाव घातला. तेथे तपासलेल्या ७६ निवाशांपैकी ४८ जण बाधित निघाले आणि त्यांपैकी २७ जणांना, म्हणजे निम्म्याहून अधिकांना, चाचणीच्या वेळी कोणतेही लक्षण नव्हते. खोकणाऱ्याला ओळखून अलग करण्याची रीत येथे निष्फळ होती. कारण रोग पसरविणारा खोकतच नव्हता. तेव्हा सर्वांनी सर्वकाळ मुखपट्टी वापरणे हाच मार्ग उरला. सार्वत्रिक दक्षतेचे तत्त्व रक्तावरून श्वासावर आले.

पण तत्त्व आले तेव्हा वस्तू नव्हती. मुखपट्ट्या आणि अंगरखे यांचा पुरवठा रुग्णालयांकडे आधी वळला. अनेक शुश्रूषागृहांत पावसाळी कोट आणि कचऱ्याच्या पिशव्या अंगरखे म्हणून वापरल्या गेल्या. महासाथीत अमेरिकेच्या शुश्रूषागृहांतील दीड लाखांहून अधिक निवासी मृत्यू पावले. १८४७ मध्ये ज्ञान नव्हते असे म्हणता येते. २०२० मध्ये ज्ञान होते, ते या दाराशी वेळेवर पोहोचविले गेले नव्हते.

दुसरी हानी मोजण्यास अधिक कठीण. १३ मार्च २०२० रोजी सर्व शुश्रूषागृहांत अभ्यागतांना बंदी झाली. सप्टेंबरपासून ती सैल होत गेली. सर्वकाळ भेटीची मुभा नोव्हेंबर २०२१ मध्ये मिळाली. मधल्या काळात खिडकीच्या काचेपलीकडून हात हलविणारी मुले आणि आतील वृद्ध हे चित्र जगाने पाहिले. 'आयसोलेशन'मधील बेट अक्षरशः अवतरले. ही बंदी त्या घटकेला अनाठायी होती असे नव्हे. परंतु साधने आणि शिकलेले हात पुरेसे असते तर ती इतकी लांबविण्याची गरज किती उरली असती, हा प्रश्न रास्त आहे. अडसर जेव्हा हातावर चढविता येत नाही, तेव्हा तो दारावर घालावा लागतो.

(८) नवी संज्ञा आणि जुने पत्रक

या इतिहासातील ताजी संज्ञा 'एनहान्स्ड बॅरिअर प्रिकॉशन्स' ही आहे. तिला वर्धित अडसर-दक्षता म्हणता येईल. ती २०१९ मध्ये शुश्रूषागृहांसाठीच घडविण्यात आली, २०२२ मध्ये विस्तारली आणि १ एप्रिल २०२४ पासून अमेरिकेतील शुश्रूषागृहांच्या तपासणीत अंतर्भूत झाली. ज्या निवाशाला जुनाट व्रण आहे, शरीरात नळी बसविलेली आहे, किंवा ज्याच्या अंगावर औषधांना दाद न देणारे विशिष्ट जंतू आहेत, त्याची निकट परिचर्या करताना अंगरखा व हातमोजे घालावेत, असा हा नियम आहे. निकट परिचर्या म्हणजे कोणती, याची यादीच दिलेली आहे : कपडे बदलणे, स्नान घालणे, एका जागेवरून दुसरीकडे हलविणे, चादरी बदलणे, शौचास साहाय्य, नळीची व व्रणाची देखभाल. ही यादी बहुतांशी क्रियापदांची आहे. निवाशाला मात्र खोलीत अडकवावयाचे नाही. तो सर्वांबरोबर जेवतो, सभागृहात बसतो.

रुग्णालयातून उसनी न आणता शुश्रूषागृहाच्या जीवनक्रमातून घडविलेली ही संज्ञा असल्याने तिचे महत्त्व विशेष आहे. तथापि तिच्यावर एक आक्षेप घेता येतो, व तो दुर्लक्षण्याजोगा नाही. ही दक्षता कोणासाठी, हे ठरविताना पुन्हा विशिष्ट निवासी निवडावे लागतात, आणि कर्मचाऱ्यांना कळावे म्हणून दाराशी पुन्हा सूचनापत्रक येते. सत्तर सालचे रंगीत पत्रक अशा रीतीने मागील दाराने परत येते असे कोणी म्हणाल्यास ते सर्वस्वी चूक ठरणार नाही. माझ्या मते फरक एवढाच, पण तो पुरेसा आहे : जुने पत्रक आत जाणाऱ्याला माणसापासून सावध करी, नवे पत्रक त्याला कोणत्या कामाच्या वेळी काय घालावे ते सांगते. या फरकाचे रक्षण मात्र पत्रकाने होत नाही. ते वाचणाऱ्याच्या शिक्षणाने होते.

(९) समारोप

या विवेचनाचा मराठीच्या अभ्यासकाशी काय संबंध, असे विचारले जाईल. संबंध दुहेरी आहे. कोविडच्या काळात मराठीत अलगीकरण, विलगीकरण, गृहविलगीकरण असे शब्द झपाट्याने आले. लोकांनी ते अदलाबदलीने वापरले आणि 'पीपीई किट' मूळ रूपातच स्वीकारले. माणसाला वेगळे करण्यासाठी दोन-तीन शब्द सिद्ध झाले; कृती जपून करण्यासाठी एकही रुळला नाही. परिभाषा घडविणाऱ्यांनी या असमतोलाकडे लक्ष द्यावयास हवे. 'दक्षता' हा शब्द जुना आणि सुबोध आहे; तो या कामी उपयोगी पडण्यासारखा आहे.

दुसरा संबंध अधिक निकटचा आहे. आपल्याकडील रुग्णालयांत व वृद्धाश्रमांत अंग पुसणाऱ्या, भांडे देणाऱ्या बाईला 'मावशी' म्हणण्याची रीत आहे. त्या संबोधनात आपुलकी आहे, यात शंका नाही. परंतु 'होम' या शब्दाने जे तिकडे केले तेच 'मावशी' हा शब्द इकडे करण्याचा संभव आहे. नात्याला हातमोजे लागत नाहीत, रजा लागत नाही, प्रशिक्षण लागत नाही, असे आपण नकळत धरून चालतो. मावशीला मावशीच म्हणावे. पण हातमोज्यांची पेटी तिच्या हाताशी आहे की नाही, हेही पाहावे.

'शुश्रूषा' हा शब्द 'श्रु' या धातूच्या इच्छार्थक रूपापासून सिद्ध झाला आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. त्यावरून आज्ञा पाळणे, आणि त्यावरून सेवा. मुखपट्टी बांधली की आवाज दबतो, आणि ओठांच्या हालचालींवरून शब्द समजून घेणाऱ्या बहिऱ्या वृद्धाला समोरच्याचे ओठ दिसेनासे होतात. संरक्षक साधनांची ही किंमत खरी आहे, आणि ती नाकारून चालणार नाही. तिला उत्तर मुखपट्टी टाकणे हे नव्हे. जवळ जाऊन, सावकाश बोलून, पुन्हा विचारून ती भरून काढता येते. आणि जवळ जाता यावे म्हणूनच तर पट्टी बांधावयाची. दूर ठेवण्याच्या साधनांचा जवळ जाण्यासाठी उपयोग करावयास शिकणे, असे या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासाचे सार सांगता येईल.